कानात सिंह, दंडावर साप, केसांत किडा

वीस वर्षं परागंदा झालेला नवरा जिवंत आहे की नाही, हे पेनेलपीला ठाऊक नाही. दारात एक फाटका भिकारी येतो आणि आपण ओडिसियसला भेटलोय असं सांगतो. पेनेलपी सहजासहजी भुलणारी बाई नव्हे. मग त्याच्या अंगावर काय होतं ते सांग, असं ती विचारते. भिकारी सांगतो: जांभळा लोकरी झगा आणि झग्याला सोन्याचा ब्रोच. ब्रोचवर एक शिकारी कुत्रा, त्याच्या पुढच्या पायांत ठिपक्याठिपक्यांचं पाडस. कुत्रा त्याचा गळा आवळतोय आणि पाडस सुटण्यासाठी पाय झाडतंय. सोन्याचं हे चित्र इतकं जिवंत होतं, की बघणारे थक्क व्हायचे. हे ऐकून पेनेलपीला रडू फुटतं, कारण तो ब्रोच तिनंच नवऱ्याच्या झग्याला लावून दिला होता. समोरचा भिकारी म्हणजेच ओडिसियस, हे मात्र तिला अजून कळायचं आहे.

होमरच्या ‘ओडिसी’मधला हा प्रसंग. यातला कुत्रा नुसता शोभेचा नाही, तो साक्षीला उभा आहे. ग्रीक दागिन्यांवरचे प्राणी पाहताना हे पक्कं लक्षात ठेवायचं. तिथला साप पहारा देतो, सिंह घराण्याचं नाव सांगतो, किडा ‘आम्ही इथलेच’ म्हणून छाती पुढे काढतो. प्रत्येकाला काहीतरी काम नेमून दिलेलं आहे. चला, एकेकाला भेटू.

चांदीच्या पेल्यात लपलेल्या बकऱ्या

सुरुवात क्रीट बेटापासून करावी लागते. तिथले मिनोअन लोक अजून ग्रीक भाषा बोलत नव्हते, पण ग्रीक सोनारकामाची पहिली शाळा तीच. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मोक्लोसला 1971 साली एका चांदीच्या पेल्यात सोन्याचे दागिने सापडले. त्यात पातळ पत्र्याची एक कपाळपट्टी होती. तिच्यावर ठिपके ठोकून रानबकऱ्या काढल्या आहेत. रेघ एकही नाही, सगळं चित्र ठिपक्यांचं. काळ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाचा उत्तरार्ध, म्हणजे चार हजार वर्षांहून जुना. या बाकदार शिंगांच्या रानबकऱ्या क्रीटच्या डोंगरांत आजही आहेत. समारिया दरीचं राष्ट्रीय उद्यान हे त्यांचं मोठं आश्रयस्थान. कपाळपट्टी घालणाऱ्या बाईचं नाव गेलं, भाषा गेली, बकरी मात्र अजून कड्यावर उभी आहे.

दोन माश्या आणि एक थेंब मध

क्रीटमधलाच दुसरा दागिना म्हणजे मालियाचं पदक. इ.स.पू. 1800 ते 1700 च्या सुमाराचं. मालियाच्या राजवाड्याजवळ ख्रिसोलाक्कोस नावाचं दफनस्थळ आहे, तिथं फ्रेंच उत्खननकारांना ते मिळालं. दोन मधमाश्या समोरासमोर, पोटं वळवून एकमेकींना भिडलेल्या. दोघींच्या मधोमध एक गोल पोळं, आणि त्यात ठेवायला दोघींनी धरलेला मधाचा थेंब. डोक्यांच्या वर सोन्याच्या तारेचा छोटा पिंजरा, पिंजऱ्याच्या आत सोन्याचा सुटा मणी. खाली लोंबणाऱ्या तीन टिकल्या. हे सगळं पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी जागेत! काही कीटकतज्ज्ञ या मधमाश्या नसून गांधीलमाश्या आहेत असं म्हणतात. वाद चालू दे. माझं मत विचाराल तर भूमध्य समुद्राच्या काठावर घडलेला याहून सुंदर प्राणी-दागिना दुसरा नाही.

पोळ्याच्या गोलावर सोन्याचे बारीक रवे बसवले आहेत, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. आणि खरी करामत इथं आहे. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. रवे चिकटवायला नेहमीची झाळ वापरली तर ती रव्यांमध्ये पसरते, मधल्या फटी बुजतात आणि सगळं काम लिबलिबीत दिसतं. पण जुन्या रवाकामात प्रत्येक रवा सुटा दिसतो, जणू नुसता टेकवलाय. हे कसं जमलं असेल, यावर एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या सोनारांनी डोकी फोडून घेतली. रोममधल्या कास्तेल्लानी या नामांकित सराफ घराण्यानं आयुष्य वेचलं, तरी जुन्या कामाची तोड त्यांना पुरती जमली नाही.

कोडं सुटलं ते 1930 च्या दशकात. लिटलडेल नावाच्या इंग्रज कारागिरानं दाखवून दिलं, की झाळ मुळी धातूची नकोच. तांब्याचा क्षार, म्हणजे मॅलाकाइटसारखा हिरवा दगड, कुटून सरसात कालवायचा. त्या गोंदानं रवे पत्र्यावर चिकटवायचे आणि भट्टीत धरायचे. सरस जळून त्याचा कोळसा होतो. तो कोळसा तांब्याच्या क्षारातला प्राणवायू ओढून घेतो आणि मागे शुद्ध तांब्याचा कण उरतो. तांबं सोन्यात मिसळलं की त्या एवढ्याशा जागेचा वितळबिंदू 890 अंशांच्या आसपास खाली येतो. रवा जिथं टेकलाय तेवढीच जागा वितळते, बाकीचं सोनं ढिम्म हलत नाही. तापमान मोजायचं कुठलंही यंत्र नसताना, नुसता सोन्याचा रंग आणि ज्वाळेची झळाळी बघून, क्रीटचा सोनार हे पावणेचार हजार वर्षांपूर्वी करत होता. ही विद्या मेसोपोटेमियाच्या बाजूनं आली, पण माशीच्या पोटावर ती शोभली तशी दुसरीकडे क्वचितच शोभली असेल.

मधमाशीचा मान पुढेही टिकला. ऱ्होड्स बेटावरच्या कामिरॉसला इ.स.पू. सातव्या शतकातल्या सोन्याच्या पाट्या सापडल्या. त्यांच्यावर वरून पंखवाली स्त्री आणि खालून माशी अशी देवता आहे. छातीवर ओळीनं लावायच्या या पाट्यांपैकी कित्येकींवर दुसरी एक देवता दोन सिंहांना शेपट्या धरून उभी आहे. इफेससच्या आर्टेमिसच्या देवळात सोन्याच्या माश्या वाहिलेल्या सापडल्या आणि त्या शहराच्या नाण्यावर शतकानुशतकं माशीच राहिली.

स्पंज विकणाऱ्याच्या हाती खजिना

एजिना बेट अथेन्सच्या अगदी समोर. तिथून निघालेला म्हणून ओळखला जाणारा एक मिनोअन खजिना 1892 साली ब्रिटिश म्युझियमनं विकत घेतला. तो म्युझियमपर्यंत पोहोचवला समुद्री स्पंजांचा व्यापार करणाऱ्या एका पेढीनं. त्यातल्या पदकावर एक पुरुष दोन्ही हातांत एकेक पाणपक्षी मानेला धरून उभा आहे, पायाखाली कमळं. ‘प्राण्यांचा स्वामी’ या नावानं हे पदक प्रसिद्ध आहे. त्याच खजिन्यातली कर्णभूषणं आणखी मजेशीर आहेत: दुतोंड्या सापाचं कडं, कड्याच्या आत शिकारी जनावरांची जोडी, खाली बसलेली माकडं, आणि साखळ्यांना लटकणारी घुबडं. एका कानात एवढं प्राणिसंग्रहालय!

ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या मायसीनीचा तर प्रकारच वेगळा. 1876 साली हाइनरिख श्लीमननं तिथल्या खोल कबरी उकरल्या. त्यांतल्या तिसऱ्या कबरीत, जिथं स्त्रिया पुरलेल्या होत्या, सोन्याच्या पत्र्याच्या मोठ्या टिकल्या निघाल्या. श्लीमननं मोजून आकडा लिहून ठेवला: 701. त्यांच्यावर पानं, फुलपाखरं, मधमाश्या आणि आठही हात गोल गोल वळवून बसलेले ऑक्टोपस. या टिकल्या कपड्यांवर टाचलेल्या असाव्यात. समुद्रकाठच्या लोकांना ऑक्टोपस दिसायचा तो जाळ्यात आणि ताटात. तोच सोन्यात इतका नीटस, इतका नक्षीदार होऊन येतो, की तो आधी नक्षी वाटतो आणि नंतर ऑक्टोपस.

आम्ही मातीतून उगवलो!

आता अथेन्स. थ्युसिडिडीज हा इतिहासकार चक्क केशभूषेची नोंद करून ठेवतो. त्याच्या सांगण्यानुसार, त्याच्या काळाच्या थोडं आधीपर्यंत अथेन्समधली सधन म्हातारी मंडळी लांब केसांचा अंबाडा बांधत आणि त्यात सोन्याचा सिकाडा खोवत. सिकाडा म्हणजे भर उन्हात झाडाच्या सालीला चिकटून कर्कश किर्र करणारा किडा. अरिस्टोफेनीसच्या नाटकांतही हे सोन्याचे किडे येतात, तेव्हा ते जुन्या जमान्याची खूण म्हणूनच.

हत्ती, सिंह, गरुड सोडून डोक्यावर किडा का मिरवायचा? त्याचं उत्तर अथेन्सच्या अभिमानात आहे. आपले पूर्वज कुठून स्थलांतर करून आले नाहीत, ते याच मातीतून उगवले, अशी अथेनियन लोकांची ठाम श्रद्धा होती. सिकाडाची पिल्लं जमिनीखाली वाढतात आणि एके दिवशी माती फोडून बाहेर येतात. म्हणजे केसांतला किडा हा भूमिपुत्र असल्याचा दाखला! प्लेटोनं याच किड्याची एक गोड कथा सांगितली आहे. गाण्यात इतकी रमलेली माणसं होती, की ती खाणंपिणं विसरून मेली. त्यांचेच सिकाडा झाले, आणि पृथ्वीवर कोण कलेची सेवा करतं हे ते कलादेवतांना जाऊन सांगतात.

सिकाडाचा सर्वांत देखणा मुक्काम मात्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीजवळच्या थडग्यातला, इ.स.पू. 350 ते 300 च्या दरम्यानचा सोन्याचा ओकपानांचा मुकुट. डहाळ्या, पानं, फळं, सगळं सोन्याचं. आणि नीट पाहिलं तर पानांत दडलेली एक मधमाशी आणि दोन सिकाडा.

बाळाच्या गळ्यात नाग

साप म्हटला की भीती, पण ग्रीक घरात तो राखणदार होता. अथेन्सच्या दंतकथेत अथीना देवीनं एरिक्थोनियस या बाळाला टोपलीत ठेवलं आणि पहाऱ्याला साप बसवले. त्याची आठवण म्हणून अथेन्सच्या लेकरांना सोन्याचे साप घालायची रीत होती, असं युरिपिडीजच्या ‘आयॉन’ नाटकात येतं. त्या नाटकाची सगळी गाठ या सापांवरच सुटते. क्रेउसा राणीनं लग्नाआधी झालेलं बाळ गुहेत सोडून दिलेलं असतं, टोपलीत सोन्याचे साप ठेवून. वर्षानुवर्षांनी डेल्फीच्या देवळात आई आणि मुलगा समोरासमोर येतात, एकमेकांना न ओळखता, आणि एकमेकांच्या जिवावर उठतात. तेवढ्यात पुजारीण ती जुनी टोपली आणते. आत काय काय आहे ते क्रेउसा न बघता सांगते: अर्धवट विणलेलं कापड, सोन्याचे साप, ऑलिव्हची माळ. मुलाला आई मिळते. होमरच्या कुत्र्यासारखीच इथंही सोन्याच्या जनावराची साक्ष ग्राह्य धरली गेली.

सिकंदरानंतरच्या काळात, म्हणजे ज्याला इतिहासकार हेलेनिस्टिक काळ म्हणतात त्या तीन शतकांत, साप बायकांच्या मनगटावर, दंडावर, बोटावर सगळीकडे पसरला. सोनाराला तो फार सोयीचा: कितीही वेढे द्या, अंगाला बसतो, सैल होत नाही, आणि टोकाला डोकं आयतंच. जर्मनीतल्या फोर्त्झहाइमच्या दागिन्यांच्या संग्रहालयात एक कडं आहे, त्यात दोन सापांनी मिळून ‘हेराक्लीसची गाठ’ (महावीर हेराक्लीसच्या नावानं ओळखली जाणारी) मारली आहे आणि गाठीच्या मध्यात लालबुंद गार्नेट जडवलंय. ही गाठ औषधी मानली जायची. जखमेची पट्टी या गाठीनं बांधली तर जखम लवकर भरते, असं रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय. साप राखणदार, गाठ वैद्य, असा दुहेरी बंदोबस्त.

वजनाची गंमत पाहायची तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या वाकींची जोडी पाहावी. इ.स.पू. 200 च्या सुमाराची. एका वाकीवर ट्रायटन, म्हणजे वर माणूस आणि खाली वेटोळं घालणारी समुद्री शेपटी असलेला देव, दुसरीवर त्याची जोडीदारीण. दोघांच्याही हातावर छोटासा प्रेमदेव इरॉस बसलेला. दोघांच्या डोक्यांमागे बारीक कड्या आहेत. त्या कशासाठी? सोनं इतकं जड, की वाकी दंडावरून घसरून खाली यायची. म्हणून कडीतून टाका घालून ती बाहीला टाचायची. नेसून-सवरून तासन् तास बसणाऱ्या बाईची अडचण सोनारानं आधीच ओळखली होती.

सिंह कानात कसा शिरला?

आधी सिंहाबद्दल एक खरी गोष्ट. ग्रीसच्या उत्तरेला सिंह राहायचे. इ.स.पू. 480 मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस मॅसेडोनियातून सैन्य नेत असताना रात्री सिंह डोंगरातून उतरले आणि त्यांनी फक्त उंटांवर झडप घातली. माणसं सोडली, इतर ओझ्याची जनावरं सोडली. जे जनावर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं त्यालाच का धरलं, याचं इतिहासकार हेरोडोटसला मोठं आश्चर्य वाटलं होतं, आणि त्यानं ते तसं लिहूनही ठेवलं.

या सिंहाला कानापर्यंत आणलं ते मॅसेडोनियाच्या राजघराण्यानं. ते स्वतःला हेराक्लीसचे वंशज मानत. नेमियाचा सिंह मारून त्याचं कातडं पांघरणारा हेराक्लीस सिकंदराच्या नाण्यांवर सिंहाचा जबडा डोक्यावर घेऊन झळकतो. मग इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिंहमुखी बाळ्यांची लाट आली. सोन्याच्या तारा पिळून केलेली, टोकाकडे निमुळती होणारी बाळी आणि जाड टोकाला सिंहाचं डोकं. निमुळतं टोक कानातून घालायचं आणि सिंहाच्या जबड्यात, नाहीतर हनुवटीखालच्या कडीत, अडकवायचं. फासा म्हणून वेगळा भाग लागतच नाही, जनावरच तो धरून ठेवतं!

एकदा ही युक्ती सापडल्यावर सोनार थांबतात कशाला? सिंहापाठोपाठ बकरा आला, मग हरीण, बैल, रानमांजर, डॉल्फिन. डोकी पातळ पत्र्यावर ठशानं उठाव काढून पोकळ करायची, त्यामुळे कानाला भार होत नसे. पुढे पूर्वेकडचे खडे मुबलक येऊ लागल्यावर जनावरांच्या मानेशी गार्नेटचे मणी आले. एवढं सोनं आलं कुठून, तर दोन वाटांनी. सिकंदराचा बाप फिलिप यानं थ्रेसजवळच्या पँगायॉन डोंगराच्या खाणी ताब्यात घेतल्या. इतिहासकार डायोडोरस सांगतो की त्यांचं उत्पन्न त्यानं वर्षाला हजार टॅलंटच्या वर नेलं. पुढे सिकंदरानं इराणचे खजिने फोडले. त्याआधीच्या अथेन्समधल्या कबरींत सोन्याचे दागिने तुरळक आहेत. सोन्याचा हा सगळा सुकाळ नंतरचा.

पुरुषांनी मात्र कान टोचायचे नाहीत. झेनोफननं इराणमधून परतणाऱ्या दहा हजार ग्रीक शिपायांची हकिगत लिहिली आहे. त्यात एक अपोलोनिडीज नावाचा अधिकारी शरण जायचा सल्ला देतो. तेवढ्यात कुणीतरी त्याचे दोन्ही कान टोचलेले आहेत हे दाखवून देतं. हा आपला नव्हेच, हा लिडियाचा माणूस, म्हणून त्याला तिथून हाकलतात.

मॅसेडोनियाच्या सुबत्तेची परमावधी थेस्सालोनिकीजवळच्या एका दागिन्यांच्या संचात दिसते. हाही आता मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. त्यातल्या कर्णभूषणांत झ्यूस गरुडाच्या रूपात गॅनिमीड या राजपुत्राला उचलून नेतोय. पंख पसरलेले, पोराचे पाय हवेत. बाई मान हलवायची तेव्हा गरुड खरोखर उडत असणार. सोबतची कडी अखंड स्फटिकाची, पीळ देऊन कोरलेली, पिळाच्या खाचेतून सोन्याची तार, आणि टोकांना समोरासमोर सोन्याची मेंढ्यांची डोकी.

पटापट आणखी काही: कबूतर अ‍ॅफ्रोडाइटीचं, म्हणून प्रेमाच्या भेटीत कबुतराचे डूल. बिबट्या डायोनिससचा, म्हणून मद्याच्या मेजवानीला तो हवाच. बाईचं डोकं आणि पक्ष्याचं अंग असलेली सायरन कानात वाद्य वाजवत बसते. आणि इरॉस डॉल्फिनवर, हंसावर, मिळेल त्या वाहनावर.

सोनार ग्रीक, गिऱ्हाईक सिथियन

ग्रीक सोन्याचे सर्वांत थोर प्राणी ग्रीसमध्ये सापडलेच नाहीत. ते काळ्या समुद्राच्या उत्तरेला, सिथियन सरदारांच्या मातीच्या टेकाडांखाली झोपले होते. क्रिमियातल्या केर्चजवळ कुल-ओबा नावाचं टेकाड आहे. 1830 साली सैनिक तिथं दगड काढत असताना दगडी खोली उघडी पडली. तिच्यातल्या लोंबत्या सोन्याच्या चकत्यांवर अथीनेचा मुखवटा आहे: शिरस्त्राणावर मधोमध स्फिंक्स, दोन्ही बाजूंना पंखवाले घोडे, आणि गालपट्टीवर बसलेलं घुबड. फिडियासनं घडवलेली पार्थेनॉनमधली सोन्या-हस्तिदंताची प्रचंड अथीना कधीच नष्ट झाली. तिचं शिरस्त्राण कसं होतं हे सांगणाऱ्या पुराव्यांत तळहातात मावणाऱ्या या चकत्यांचा मान मोठा आहे.

पण सगळ्यांवर ताण आहे तोव्स्ता मोहिलाची. युक्रेनमधलं हे टेकाड 1971 मध्ये बोरिस मोझोलेव्स्की यांनी उकरलं. पुरातत्त्वज्ञ असलेले मोझोलेव्स्की उत्तम कवीही होते. त्यांच्या हाती लागलं इ.स.पू. चौथ्या शतकातलं छातीवरचं भूषण, तीस सेंटिमीटरहून थोडं जास्त रुंद, वजनाला एक किलो दीडशे ग्रॅमच्या आसपास. चंद्रकोरीसारखे तीन पट्टे. वरच्या पट्ट्यात रोजचं जगणं: दोघे सिथियन मेंढीच्या कातड्याचा सदरा शिवतायत, घोडीला शिंगरू लुचतंय, गाय वासराजवळ उभी, एकजण मेंढीची धार काढतोय. मधल्या पट्ट्यात वेलबुट्टी आणि तिच्यात पक्षी. खालच्या पट्ट्यात अचानक कत्तल: ग्रिफिन घोड्यांना फाडतायत, सिंह आणि बिबटे हरणावर, रानडुकरावर तुटून पडलेत. आणि तीच कत्तल कडेकडेला जात जात सौम्य होते. कुत्रा सशामागे धावतो, आणि अगदी टोकाला समोरासमोर बसलेले नाकतोडे!

एकेक जनावर वेगळं ओतून मग जोडलेलं आहे. वासराच्या बरगड्या, मेंढीचे केस, सगळं दिसतं. सिथियन माणसाचं आयुष्य घोडा, गाय, मेंढी यांच्यावर चालायचं. ग्रीक कारागिरानं गिऱ्हाइकाचं घर नीट बघून घेतलं होतं. परक्याच्या आयुष्याकडे इतक्या मायेनं पाहिलेलं काम जुन्या जगात फार नाही. हे भूषण कीव्हच्या ऐतिहासिक खजिना संग्रहालयाचं आहे.

या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही. ग्रीक सोनार दागिन्यावर सही करत नसत. खड्यांवर कोरणारे मात्र क्वचित करत. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या खिऑसच्या डेक्सामेनॉसनं सही केलेले चार खडे आज शिल्लक आहेत. त्यातल्या एकावर उडता बगळा आहे, पाय मागे ताणलेले, मान लांबवलेली. बोटावरच्या अंगठीच्या खड्यात आख्खं आकाश मावलंय. तो केर्चजवळ सापडला आणि आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे.

अंगठीवरून एक आठवलं. सेमॉसचा राजा पॉलिक्रटीज याचं नशीब इतकं जोरावर होतं, की त्याचा मित्र, इजिप्तचा राजा अमासिस, घाबरला. देवांना मत्सर वाटू नये म्हणून सर्वांत आवडती वस्तू फेकून दे, असं त्यानं कळवलं. पॉलिक्रटीजनं थिओडोरसनं घडवलेली पाचूची मुद्रा समुद्रात टाकली. काही दिवसांनी कोळ्यानं राजाला मोठा मासा भेट दिला, आणि माशाच्या पोटात अंगठी! अमासिसनं ताबडतोब मैत्री मोडली. पुढे पॉलिक्रटीजचा शेवट फार वाईट झाला. प्राणी अंगठीवर असो की अंगठी प्राण्यात, हेरोडोटसला गोष्ट सापडतेच.

खोटा मुकुट आणि चोरीला गेलेला घोडा

ग्रीक सोन्याचं वेड इतकं, की लूव्ह्र म्युझियमसुद्धा फसलं. 1896 साली त्यांनी दोन लाख फ्रँक मोजून साइटाफर्नीस या सिथियन राजाचा म्हणून एक सोन्याचा मुकुट घेतला. जर्मन विद्वान आडोल्फ फुर्टव्हेंगलर यांनी लगेच शंका घेतली. फ्रेंचांना ती शत्रूची कुरकुर वाटली. अखेर 1903 मध्ये ओडेसाचा सोनार इस्रायल रुखोमोव्स्की पॅरिसला आला. त्यानं मुकुटाचा एक भाग सर्वांसमोर पुन्हा करून दाखवला, तेव्हा मुकुट त्याचाच हे मान्य करावं लागलं. दलालांनी त्याला एका विद्वानाला द्यायची भेट म्हणून ते काम सांगितलं होतं, फसवणुकीत तो नव्हता. मुकुट खोटा असेल, हात खरा होता.

ग्रीकांचे शेजारी लिडियन. त्यांच्या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या खजिन्याची कहाणी तर चोरीवर चोरी अशी आहे. 1960 च्या दशकात तुर्कस्तानातल्या उशाक भागातल्या थडग्यांतून तो लुटला गेला, न्यूयॉर्कला पोहोचला आणि खटल्यानंतर 1993 मध्ये तुर्कस्तानला परत आला. त्यातलं रत्न म्हणजे पंख असलेल्या समुद्री घोड्याचा सोन्याचा ब्रोच, खाली गोंडे लटकणारा. 2006 मध्ये उघड झालं, की उशाकच्या संग्रहालयातल्या काचेमागे नक्कल ठेवलेली आहे. अस्सल घोडा 2012 मध्ये जर्मनीत सापडला आणि 2013 मध्ये घरी आला.

आपल्या बाजूलाही हे प्राणी आले होते. उत्तर अफगाणिस्तानातल्या तिल्या तेपे इथं 1978 मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांना सहा कबरींत सोन्याच्या वीस हजारांवर वस्तू मिळाल्या. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यात डॉल्फिनवर स्वार झालेला इरॉस दाखवणारे कपड्याचे चाप आहेत. समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या त्या मुलखात डॉल्फिन कुणी पाहिला होता? सोनारांनी तो ऐकून आणि नमुन्यावरून केला. त्याच कबरींतल्या एका लोंबत्या भूषणावर मुकुट घातलेला माणूस दोन हातांत दोन व्यालांसारखी जनावरं धरून उभा आहे, एजिनाच्या पदकातल्या स्वामीसारखाच, दीड हजारांहून अधिक वर्षांनंतर. यादवीच्या काळात हा खजिना काबूलच्या राष्ट्रपती प्रासादातल्या तळघरात तिजोरीबंद होता. गुपित माहीत असलेल्यांनी तोंड उघडलं नाही, म्हणून तो वाचला.

यातलं काही प्रत्यक्ष पाहायची संधी आली तर एक करा. दागिन्याच्या दर्शनी बाजूवर समाधान मानू नका, त्याची कडी, त्याचा फासा, त्याची मागची बाजू शोधा, सोनाराचं डोकं तिथं दिसतं. मालियाच्या माश्या क्रीटमध्ये हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहेत, मायसीनीच्या टिकल्या अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. एजिनाचा खजिना आणि मधमाशीवाला ओकमुकुट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि तिथली कायमची दालनं बघायला तिकीट लागत नाही.